प्रॉव्हिडन्स कोणी बुडवली?

१

गुरुवारी दुपारी सव्वा वाजता हेस्टर प्रायर बटाट्याच्या सालींची बादली घेऊन बोटीबाहेर आली आणि धक्क्याच्या टोकाकडे बघत तशीच उभी राहिली. विलोच्या झाडाखाली एनॉक टॉलीची 'प्रॉव्हिडन्स' असायची. आज तिथे नुसतं छप्पर होतं. छपरावरची रंगवलेली झारी जागच्या जागी, जिरेनियमच्या कुंड्या जागच्या जागी, धुराडंही सरळ. खिडक्या मात्र पाण्याखाली गेल्या होत्या.

कालव्यावरच्या ब्रॅम्बल्टनच्या धक्क्याला पाणी जेमतेम सहा फूट. इथे बोट बुडते म्हणजे नाहीशी होत नाही. चिखलात बसते आणि छप्पर वर काढून सगळ्या जगाला आपली दशा दाखवत राहते.

हेस्टरने हाका मारल्या. पण गुरुवार बाजाराचा दिवस. चौदा बोटींपैकी दहा रिकाम्या होत्या. मेकॅनिक डेंझिल हूपर तेवढा शेडमधून पळत आला. त्याच्या उजव्या अंगठ्याला भलं मोठं बँडेज होतं.

"म्हातारा आत आहे का?" त्याने ओरडून विचारलं.

"नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात गेलाय. रोझिना घेऊन गेलीय सकाळी."

तेवढ्यात पुलाजवळ रोझिनाची निळी गाडी थांबली. बापाचा हात धरून ती धक्क्यावर आली. एनॉकच्या डोळ्यांत औषध घातलेलं, वर काळा चष्मा. समोरचं काही दिसत नव्हतं. चार पावलं चालून तो थांबला आणि त्याने नाक वर केलं.

"डिझेलचा वास येतोय. पाण्यावर पसरलेल्या डिझेलचा," तो म्हणाला. "अरे, बोलत का नाही कोणी? कुणाची बुडाली?"

रोझिनाने तोंडावर हात घेतला.

"माझी," एनॉक म्हणाला. "दुसऱ्या कुणाची असती, तर एव्हाना तुम्ही मला सांगितलं असतंत."

दोन वाजता कपडे धुण्याच्या खोलीच्या दारावर धक्क्याचे व्यवस्थापक स्टॅनिफोर्थ यांच्या सहीची नोटीस लागली. कागदाला प्लास्टिकचं आवरणसुद्धा होतं.

'प्रॉव्हिडन्स ही बोट, मालकाने पंख्यावरचं झाकण निष्काळजीपणे उघडं ठेवल्यामुळे, आज बुडाली आहे. घर म्हणून वापरल्या जाणाऱ्या जुन्या बोटी यापुढे सुरक्षित मानता येणार नाहीत. सर्व चौदा राहत्या बोटींनी अठ्ठावीस दिवसांत धक्का रिकामा करावा.'

हेस्टरने ती नोटीस दोनदा वाचली. मग तिने ती दारावरून सरळ उपटून काढली, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

२

हेस्टरने एकतीस वर्षं न्यायालयात लघुलेखक म्हणून काढली होती. हजारो साक्षी तिच्या बोटांखालून गेल्या. माणूस खोटं बोलताना अडखळतो, असं लोकांना वाटतं. तिचा अनुभव वेगळा होता. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त सांगतो.

संध्याकाळी चहाला सगळे तिच्या 'कर्ल्यू'वर जमले. सात फूट रुंदीच्या बोटीत अकरा माणसं. कुणी कोळशाच्या पोत्यावर, कुणी पायरीवर. एनॉक शेगडीजवळ बसला होता. सकाळपासून त्याचं वय दहा वर्षांनी वाढल्यासारखं वाटत होतं.

"अठ्ठावीस दिवस!" डेंझिल गुरगुरला. "आमच्या जागी लाकडी बंगले बांधणार. शनिवार-रविवारी शहरातून पाहुणे येणार आणि बदकांना ब्रेड घालणार."

"मी हलणार नाही," हेस्टर म्हणाली. "तो क्रेन घेऊन आला, तरी मी आत बसून बटाटे सोलीन."

लोक हसले. एनॉक हसला नाही.

"मीच ठेवलं असेल का उघडं?" तो हळूच म्हणाला. "सोमवारी पाण्याखालच्या पंख्यात गोणपाट अडकलं होतं. झाकण उघडून काढलं मी. झाकण परत लावलं... लावलं ना? एक्याऐंशी वर्षं झाली, हेस्टर. आता माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

हे ऐकून हेस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. घर गेलं ते गेलं. आता म्हाताऱ्याचा स्वतःवरचा विश्वासही कुणीतरी काढून घेतला होता.

"मला नीट समजावून सांगा," ती म्हणाली. "झाकण उघडं राहिलं, तर पाणी लगेच आत येतं?"

"छे! झाकणाखालच्या भोकाचं तोंड पाण्याच्या वर असतं. बोट उभी असेल, तर वर्षभर उघडं ठेव, थेंब येणार नाही. पंखा फिरला तरच पाणी उसळून आत घुसतं. आणि एकदा मागचं टोक खाली बसलं, की मग थांबत नाही."

"सोमवारनंतर इंजिन लावलंत?"

"नाही."

मग कोपऱ्यातल्या लव्हडेबाई, 'हेरॉन'वर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, घसा खाकरून म्हणाल्या, "पण मी तर आज ऐकलं तुमचं इंजिन. साडेदहा-अकराला. ते टक-टक-टुक. मला वाटलं, बॅटऱ्या भरताय."

हेस्टरच्या हातातली किटली तशीच राहिली. तिनेही ऐकलं होतं. सगळ्या धक्क्यावर तसा आवाज एकाच इंजिनाचा होता. आणि तो नेहमीचाच, म्हणून तिने मानही वळवली नव्हती.

ती उठून तडक बाहेर गेली. आठवडाभर वारा नव्हता. पाण्यावर हिरव्या शेवाळाच्या टिकल्यांची साय धरली होती. प्रॉव्हिडन्सच्या मागे मात्र वीसेक हात लांब काळं, स्वच्छ पाणी दिसत होतं, कुणीतरी झाडून काढल्यासारखं. काठावरच्या बोरूमध्ये पाणकोंबडीचं घरटं होतं. त्याच्या काड्या दूर चिखलात पडल्या होत्या आणि पाणकोंबडी तिथे वेड्यासारखी फेऱ्या मारत होती.

म्हणजे बोट दोरांनी बांधलेली असताना कुणीतरी तिचा पंखा बराच वेळ फिरवला होता. आणि एनॉक त्या वेळी दवाखान्यात होता.

३

"मी बुडवली?" त्याच संध्याकाळी ऑफिसात स्टॅनिफोर्थ यांनी पांढऱ्या बुटांवरची धूळ झटकली. "मिसेस प्रायर, दहापासून एकपर्यंत मी याच खोलीत दोन पाहुण्यांना नकाशे दाखवत होतो. त्यांचे नंबर देतो, विचारा. मध्ये एक फोन घेतला तेवढाच. आणि त्या इंजिनाला किल्लीसुद्धा नाही; दांडा घालून फिरवावं लागतं. मला जमेल ते?"

हेस्टरने त्यांच्या नाजूक हातांकडे पाहिलं. नसतं जमलं. तिने पाहुण्यांना फोन केला. तेही तेच म्हणाले.

एनॉकचं इंजिन त्याच्याएवढंच हट्टी होतं. दांडा चुकीचा धरला की उलटा फटका बसायचा आणि अंगठा कामातून जायचा. ते चालू करू शकणारी तीनच माणसं होती: एनॉक, त्याने शिकवलेला डेंझिल, आणि वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत बोटीवर वाढलेली रोझिना.

डेंझिल शेडमध्ये होता. हेस्टरने सरळ बँडेजकडे बोट केलं.

"हे कधी झालं?"

डेंझिलच्या चेहऱ्यावर आठ्या पडल्या. "काय म्हणायचंय तुम्हाला?"

"गेल्या आठवड्यात एनॉकशी तुझं भांडण झालं. सगळ्या धक्क्याने ऐकलं."

"तो म्हणाला, मी ग्रीस लावतो की टोस्टला लोणी! चारचौघांत! म्हणून मी त्याचं घर बुडवीन?" डेंझिलने दातांनी बँडेजची गाठ सोडली आणि अंगठा तिच्या नाकासमोर धरला. काळानिळा, पाच टाके. "मंगळवारी कालव्याच्या पाणी अडवणाऱ्या दारात सापडला. दवाखान्याचा कागद आहे, तारीख बघा. या अंगठ्याने मला परवापासून साधं बुटाचं बंद बांधता येत नाही, हेस्टरबाई, आणि तुम्ही मला दांडा फिरवायला लावताय."

तारीख मंगळवारचीच होती. हेस्टरने स्वतःच्या हाताने ते बँडेज पुन्हा बांधून दिलं.

"माफ कर."

"करीन," तो म्हणाला. "आधी त्या पांढऱ्या बुटवाल्याला हाकला."

रात्री तिने रोझिनाला फोन केला. एनॉक आता तिच्याकडे, गावातल्या घरी होता.

"दहाला त्यांना सोडलं, एकला आणलं," रोझिना म्हणाली. "मधल्या वेळात बाजारात होते. पडदे बघत."

"घेतलेस?"

"नाही. मनासारखे मिळाले नाहीत." मग ती म्हणाली, "हेस्टर, जाऊ द्या ना आता. डॅडना इथे गरम खोली आहे. पायाखाली जमीन आहे. जे झालं ते कदाचित बऱ्यासाठीच झालं."



४

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तीन पंप लावून प्रॉव्हिडन्स वर काढली. रोझिना एनॉकला घेऊन आली होती; डोळे आता निवळले होते. डेंझिलने डाव्या हाताने हातोडी घेऊन बोटीच्या पोलादावर टोले दिले. प्रत्येक टोल्याला घंटेसारखा नाद आला.

"ऐकलंत?" तो ओरडला. "अजून तीस वर्षं जाईल! म्हणे असुरक्षित!"

मग तो इंजिनाच्या खोलीत उतरला आणि तिथूनच म्हणाला, "हेस्टरबाई, जरा इकडे या."

झाकण खरंच उघडं होतं. ते बाजूच्या फळीवर नीट ठेवलेलं होतं, चिखलात माखलेलं, पण रबराची कड वर करून. त्याचा मोठा स्क्रू शेजारच्या पत्र्याच्या डब्यात होता.

"रबर वर," डेंझिल हलक्या आवाजात म्हणाला. "खाली ठेवलं की त्याला खडे चिकटतात. एनॉकने मला हे कानफटात मारून शिकवलं. परका माणूस झाकण फेकून देईल. हे आमच्यापैकी कुणाचं तरी काम आहे."

आत एनॉक गुडघाभर चिखलात उभा होता. तो भिंतीवर हात फिरवत होता. तिथे त्याच्या बायकोच्या, क्लाराच्या, सहा प्लेटी टांगलेल्या असायच्या. कडेला जाळी असलेल्या, रिबनीत ओवलेल्या. आता नुसते आकडे होते.

"फुटल्या," तो म्हणाला.

हेस्टरने बाह्या सरसावल्या आणि खालचा चिखल दोन्ही हातांनी चाळला. चमचे सापडले, घड्याळ सापडलं, चष्मा सापडला. प्लेटीचा एक तुकडाही सापडला नाही.

"आणि पिल्चर्ड?" एनॉकने विचारलं. पिल्चर्ड म्हणजे त्याचं आळशी मांजर, दिवसा कधी बोटीबाहेर पाय न टाकणारं.

"ठीक आहे," बाहेरून लव्हडेबाई म्हणाल्या. "काल धुण्याच्या खोलीत होतं. कुणीतरी टोपलीत घालून ठेवलं होतं. समोर बशीत सार्डिन मासेसुद्धा."

हेस्टर चिखलाचे हात तसेच लोंबत ठेवून पायरीवर बसली. बोट बुडवायला आलेल्या माणसाने आधी मांजर बाहेर नेलं होतं. प्लेटी उतरवल्या होत्या. झाकण उघडल्यावर त्याचं रबर जपलं होतं.

तिने मान वर केली. धक्क्यावर रोझिना उभी होती. तिने आत काय काय बुडालं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

५

"प्लेटी कुठल्या कपाटात आहेत?" हेस्टरने विचारलं.

शुक्रवारची दुपार. एनॉक वरच्या खोलीत झोपला होता. रोझिनाच्या स्वयंपाकघरात दोन कप चहा निवत होता. रोझिनाने नाकारलं नाही. फक्त बसली.

"फेब्रुवारीत ते पाण्यात पडले," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही. कुणालाच सांगू दिलं नाही त्यांनी. कालव्याच्या दारापाशी, बर्फावरून पाय घसरला. वीस मिनिटं साखळीला लटकून होते. एका कुत्रा फिरवणाऱ्याने काढलं. आणि घरी येऊन मला काय म्हणाले? 'आंघोळ झाली.' मी रोज सकाळी फोन हातात घेऊन बसते, हेस्टर. आज कुणी सांगेल, गेले. आज सांगेल."

"आणि स्टॅनिफोर्थ?"

"ते म्हणाले, बोट राहण्यालायक उरली नाही, की नगरपालिका महिन्याच्या आत फ्लॅट देते. तळमजल्यावर. ते बोलतील म्हणाले." तिने डोळे पुसले. "झाकणाचं त्यांनीच विचारलं होतं. अशा बोटी कशामुळे बुडतात म्हणून. मी सांगितलं. मग म्हणाले, 'किती सोपं असतं, नाही?' गुरुवारी काम झाल्यावर मी त्यांना फोन केला."

"चौदा बोटींचं त्यांनी तुला सांगितलं होतं?"

"नाही! देवाशपथ नाही. ती नोटीस मी तुमच्याबरोबरच वाचली."

हेस्टरला राग येत होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. या बाईने बापाचं घर बुडवलं होतं. या बाईने बापासाठीच बुडवलं होतं.

"तुझा बाप आता रात्रंदिवस घोकतोय, की झाकण त्यानेच उघडं ठेवलं," ती म्हणाली. "तू त्याचा पाय वाचवायला गेलीस आणि डोकं मोडलंस."

रोझिनाने निवलेला चहा मोरीत ओतला. हेस्टर उठली.

"उद्या दहाला शेडमध्ये सभा आहे. धक्क्याच्या मालकांच्या बाजूने ऑलरटनबाई येणार आहेत. मी तुझं नाव घेणार नाही. साक्ष माणसाने स्वतःच्या तोंडाने द्यायची असते. पण त्या स्टॅनिफोर्थला मी सोडणार नाही, आणि मग पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही."

६

शेडमध्ये मिस्टर स्टॅनिफोर्थ अगदी हळव्या आवाजात बोलले. वृद्ध माणूस, दुर्दैवी विसर, सगळ्यांच्या जिवाची काळजी. आपण स्वतः गुरुवारी एकपर्यंत पाहुण्यांबरोबर होतो, मध्ये एक फोन घेतला तेवढाच. ऑलरटनबाई, करड्या कोटातल्या, टिपणं घेत होत्या. एनॉक पहिल्या रांगेत खाली मान घालून बसला होता.

हेस्टर उभी राहिली. तिने एप्रनच्या खिशातून घडी काढली.

"ही नोटीस गुरुवारी दोन वाजता लागली. बरोबर?"

"बरोबर."

"बोट शुक्रवारी नऊला वर आली. तोपर्यंत तिचा मागचा भाग चार फूट गढूळ पाण्याखाली होता. वर डिझेल. मी स्वतः वाकून पाहिलं होतं. माझा हात कोपरापुढे दिसत नव्हता. तुम्ही मात्र 'पंख्यावरचं झाकण उघडं ठेवल्यामुळे' असं लिहिलंत, तेही एकोणीस तास आधी. कसं कळलं तुम्हाला?"

स्टॅनिफोर्थ हसले. "अंदाज. अशा बोटी बहुधा त्यामुळेच बुडतात."

"अंदाज असता, तर 'बहुधा' हा शब्द लिहिला असतात. न्यायालयात या एका शब्दावर माणसं सुटलेली मी पाहिली आहेत." मागून कुणीतरी हसलं. "बरं, झाकण उघडं राहून बोट बुडत नाही. पंखा फिरावा लागतो. तो फिरला, शेवाळ साफ झालं, पाणकोंबडीचं घरटं वाहून गेलं, लव्हडेबाईंनी आवाज ऐकला. त्या वेळी एनॉक डोळ्यांत औषध घालून दवाखान्यात बसला होता. मग निष्काळजी मालक कुठून आला?"

एनॉकने मान वर केली. हेस्टर त्याच्याकडे वळली. "तुम्ही सोमवारी झाकण लावलं होतंत, एनॉक. घट्ट लावलं होतंत. तुम्ही काहीही विसरला नाहीत."

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

स्टॅनिफोर्थ यांचा आवाज बदलला. "म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी मुद्दाम बुडवली. इंजिन मला येत नाही, हे तुम्हीच मान्य केलंय. मग घ्या ना नाव, मिसेस प्रायर! तेवढं धाडस आहे?"

हेस्टरने ओठ घट्ट मिटले. डेंझिल तिच्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं, आणि तोही गप्प होता.

"मी बुडवली."

रोझिना दारात उभी होती. हातात टॉवेलात गुंडाळलेल्या प्लेटी. ती सगळ्यांमधून चालत पुढे आली आणि तिने त्या बापाच्या मांडीवर ठेवल्या. मग ती ऑलरटनबाईंसमोर गेली.

"मी बुडवली. कशी बुडवायची हे यांनी माझ्याकडूनच काढून घेतलं आणि फ्लॅटचं आमिष दाखवलं. गुरुवारी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी मी यांना फोन केला. 'झालं, झाकण काढून ठेवलंय,' एवढंच बोलले." तिने स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. "वेळ यात आहे. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण या चौदा बोटींना हात लावाल, तर हेच मी प्रत्येक वर्तमानपत्राला सांगेन, माझ्या नावानिशी."

ऑलरटनबाईंनी फोन पाहिला. मग स्टॅनिफोर्थ यांच्याकडे पाहिलं. "पाहुण्यांसमोर घेतलेला फोन हाच का?"

स्टॅनिफोर्थ बुटांकडे बघू लागले.

ऑलरटनबाईंनी हेस्टरच्या हातातून नोटीस घेतली, प्लास्टिकसकट मधोमध वाकवली आणि बॅगेत टाकली. "ही रद्द समजा. मिस्टर स्टॅनिफोर्थ, आपण ऑफिसात बोलू. किल्ल्या बरोबर घ्या."

डेंझिलने शिट्टी मारली. पण बाकी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे एनॉककडे बघत होते. तो प्लेटी मोजत होता. सहाच्या सहा मोजून झाल्यावर तो उठला आणि मुलीसमोर जाऊन उभा राहिला.

"मी बुडू नये म्हणून माझं घर बुडवलंस."

"हो, डॅड."

"मला वेडा ठरू दिलंस. दोन दिवस."

"हो."

"हे मी लवकर विसरणार नाही. आता तर माझं डोकंही शाबूत आहे, म्हणजे मुळीच विसरणार नाही."

हेस्टरने विचारलं, "पोलिसांना कळवायचं?"

"पोलीस काय गाळ उपसणार आहेत?" एनॉक खेकसला. त्याने शेडच्या कोपऱ्यातली बादली उचलली आणि रोझिनाच्या हातात कोंबली. "चल."

सगळा धक्का मागोमाग निघाला; कुणी फावडं घेतलं, कुणी झाडू. लव्हडेबाई गाद्या उन्हात टाकायला धावल्या. दुपारपर्यंत रोझिना कमरेपर्यंत चिखलात माखली होती. तिने भरलेली बादली एनॉकच्या हातात दिली, पण कडी सोडली नाही.

"पुन्हा पडलात तर?" तिने विचारलं. "खरंच सांगा. पुन्हा पडलात तर काय?"

एनॉकने बादली खेचून घेतली आणि काठावर उपडी केली.

"पडलो तर भिजेन," तो म्हणाला. "पलंगाखाली अजून गाळ आहे. तो काढ."